‘रोम, ओपन सिटी’ (१९४५): ताब्यातलं शहर आणि त्यातले जिने

कृष्णाकाठ

(कथानक पूर्ण उघड केलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून घ्या.)

पिना ही या चित्रपटाची नायिका, असं धरून आपण बघत असतो आणि ती निम्म्या वाटेवर मरते. त्या दिवशी तिचं लग्न असतं. पोटात मूल असतं. होणाऱ्या नवऱ्याला, फ्रान्चेस्कोला, जर्मन सैनिकांनी ट्रकमध्ये कोंबलेलं असतं आणि ती त्याच्या नावानं ओरडत ट्रकमागे धावत सुटते. गोळी नेमकी कोणी झाडली तेही दिसत नाही. रस्त्यावर पडलेली आई आणि तिच्या अंगावर झेपावलेला लहान मुलगा. बस्स. थोड्याच वेळात वाटेत ट्रकांवर हल्ला होतो आणि फ्रान्चेस्को सुटतो. ती धावली नसती तरी तो सुटलाच असता. चित्रपट हे कोणाच्या तोंडून बोलून दाखवत नाही, त्यामुळे ते जास्त लागतं.

रोबेर्तो रोसेलिनीचा हा चित्रपट परवा पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. २५ जुलै १९४३ ला मुसोलिनीला पदावरून हटवलं. १४ ऑगस्टला इटलीच्या सरकारनं रोम ‘खुलं शहर’ असल्याचं जाहीर केलं, म्हणजे इथे लष्करी प्रतिकार होणार नाही, तेव्हा शहरावर हल्ला करू नये. ८ सप्टेंबरला दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी राजा आणि सरकार दक्षिणेकडे निघून गेले आणि १० तारखेला शहर जर्मनांच्या हातात गेलं. ४ जून १९४४ ला अमेरिकन फौजा रोममध्ये शिरल्या. मधले नऊ महिने हा या गोष्टीचा काळ. चित्रीकरण सुरू झालं जानेवारी १९४५ मध्ये. तेव्हा उत्तर इटली अजून जर्मनांच्याच ताब्यात होती. ज्यांनी आदल्या वर्षी ते दिवस काढले होते तीच माणसं, त्याच शहरात, ते दिवस उभे करत होती.

मला जे म्हणायचं आहे ते असं: परकी फौज शहरात घुसली म्हणजे नेमकं काय होतं, हे या चित्रपटात रणगाड्यांवरून कळत नाही, जिन्यावरून कळतं. चाळवजा इमारत, एका मजल्यावर चारपाच बिऱ्हाडं, प्रत्येकाला शेजाऱ्याचं सगळं माहीत. अशा ठिकाणी गुपित राखायचं कसं? इंजिनिअर मानफ्रेदी हा भूमिगत चळवळीचा पुढारी. पोलीस दाराशी येतात तेव्हा गच्चीवरून पळून तो या इमारतीत येतो आणि पहिली गाठ पडते पिनाशी. ती आत्ताच बेकरी लुटून आलेली आहे. ‘लुटून’ हा शब्द जड वाटेल, पण बायकांनी मिळून बेकरीवर चालून जाऊन पाव उचलले आहेत. बंदोबस्ताचा इटालियन हवालदार तिची पिशवी सांभाळत घरापर्यंत येतो आणि ती त्यातलेच दोन पाव त्याच्या हातावर ठेवते. ताब्याखालच्या शहरातलं सगळं अर्थकारण त्या दोन पावांत आलं. मार्च १९४४ मध्ये रोममधलं पावाचं रेशन दिवसाला माणशी १०० ग्रॅमवर आलं होतं.

मग मुलं. एका पायानं अधू असलेला रोमोलेत्तो आणि त्याची टोळी रेल्वेच्या आवारात स्फोट घडवून आणतात. केवढा पराक्रम! आणि घरी परततात तेव्हा संचारबंदीची वेळ उलटून गेलेली असते, म्हणून प्रत्येकाला आपापल्या दारात आईबापांचा मार बसतो. एकेक दार उघडतं, चापट, रडणं, दार बंद. त्या आईबापांना कल्पनाही नसते की पोरं काय करून आली आहेत. मुलांची ही चळवळ आणि मोठ्यांची चळवळ एकाच जिन्यावर एकमेकांच्या शेजारून जातात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो.

त्याच रात्री त्याच जिन्यावर पिना आणि फ्रान्चेस्को बसून बोलतात. घरात गर्दी, त्यामुळे दोघांना बोलायला जिन्याशिवाय जागा नाही. युद्ध कधी संपणार, वसंत येईल तेव्हा काय करू, इतकंच. माझ्या मते हा चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग आहे, पिनाच्या मृत्यूपेक्षाही.

दुसरा अर्धा भाग मला इतका पटत नाही. गेस्टापोचं (नाझींच्या गुप्त पोलिसांचं) कार्यालय, तिथला मेजर बेर्गमान, त्याची हस्तक इंग्रिड, यांना असं काही रंगवलं आहे की ती माणसं कमी आणि नाटकातले खलपुरुष जास्त वाटतात. त्या जागेची रचना मात्र जबरदस्त आहे. मधे बेर्गमानचं टेबल. एक दार उघडलं की छळाची खोली, दुसरं उघडलं की पियानो वाजतोय, पत्ते चाललेत, दारू चाललीये. मधल्या खोलीतून दोन्हीकडे ये-जा.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः दुसऱ्या भागाबद्दल.

गवतफुला

सुंदर लिहिलंय. पण दुसऱ्या भागाबद्दल अजिबात सहमत नाही. दोन पिएत्रो (हा ‘दोन’ आकडा नव्हे, इटालियन पाद्र्याच्या नावाआधीची उपाधी) नसता तर हा चित्रपट शेजारपाजारच्या लोकांची हृद्य गोष्ट होऊन राहिला असता.

हा साधा पॅरिशचा पाद्री. मुलांबरोबर फुटबॉल खेळतो, पुस्तकात लपवलेले पैसे भूमिगतांना पोचवतो. पकडला गेल्यावर त्याला खुर्चीवर बसवून मानफ्रेदीचा छळ पाहायला लावतात. पाद्री आणि कम्युनिस्ट. एकाचा देवावर विश्वास, दुसऱ्याचा नाही, आणि दोघांपैकी एकही बोलत नाही. मानफ्रेदी मेल्यावर तो जर्मनांना शाप देतो आणि लगेच त्या शापाबद्दल देवाची क्षमा मागतो. दोन पिएत्रो झालेला आल्दो फाब्रिझी हा मुळात विनोदी नट होता. पिना झालेली आन्ना मान्यानीही रंगमंचावरच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांतून आलेली. त्यामुळे रडणं कुठे थांबवायचं हे दोघांनाही बरोबर कळतं.

आणि तव्याचा प्रसंग कसा काय सुटला तुमच्याकडून? झडती चालू आहे, मुलांनी लपवलेली शस्त्रं हलवायला दोन पिएत्रो वर जातो, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना अंत्यविधीचे संस्कार द्यायचं निमित्त करून. आजोबा ठणठणीत, ते ओरडायला लागतात. सैनिक जिना चढून येतात तर आजोबा डोळे मिटून शांत पडलेले, पाद्री प्रार्थना म्हणतोय. नंतर कळतं की डोक्यात तवा हाणलाय. थिएटरात लोक खदखदून हसतात या प्रसंगाला, आणि हसू ओसरायच्या आत पिना धावायला लागते.

तळटीप

पिनाच्या मृत्यूमागे खरी घटना आहे. तेरेसा गुल्लाचे, पाच मुलांची आई, सहाव्यांदा गरोदर. तिच्या नवऱ्याला धरपकडीत उचलून विआले जुलिओ चेझारे या रस्त्यावरच्या बराकीत डांबलं होतं. ३ मार्च १९४४ ला इतर बायकांबरोबर ती बराकीसमोर गेली, खिडकीत नवरा दिसला, त्याच्याकडे जायला लागली आणि एका जर्मन सैनिकानं तिला गोळी घातली. रोमच्या बायकांमध्ये ही बातमी पसरली ती पसरलीच.

दोन पिएत्रो हे पात्र दोन खऱ्या धर्मगुरूंवरून घेतलं आहे. दोन जुझेप्पे मोरोझिनी यांना ३ एप्रिल १९४४ ला फोर्ते ब्रावेत्ता इथे गोळ्या घातल्या. दोन पिएत्रो पाप्पागाल्लो हे लपलेल्यांना आसरा आणि खोटी कागदपत्रं देत. ते २४ मार्च १९४४ ला आर्देआतीने खाणींत मारले गेले. आदल्या दिवशी विया राझेल्ला या गल्लीत भूमिगतांनी बाँब उडवला होता, त्यात ३३ जर्मन पोलीस मेले. एका जर्मनामागे दहा इटालियन असा हुकूम निघाला. तुरुंगातले राजकीय कैदी, ज्यू, ऐनवेळी उचलून आणलेले लोक असे ३३५ जण खाणीत नेऊन मारले. हिशोबाप्रमाणे ३३० होत होते. पाच जण जास्त आणले गेले होते आणि साक्षीदार नकोत म्हणून त्यांनाही सोडलं नाही.

चित्रपटात ना विया राझेल्ला आहे ना आर्देआतीने. तरी सप्टेंबर १९४५ मध्ये रोमच्या थिएटरात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते असणारच. वर्ष-दीड वर्षापूर्वीचीच तर गोष्ट.

बेकरीवरचा हल्लाही हवेतून आलेला नाही. रेशन कापल्यावर बायकांनी ठिकठिकाणी बेकऱ्यांवर धाव घेतली. तीबर नदीवरच्या ‘पोंते दि फेर्रो’ या लोखंडी पुलाजवळ एप्रिल १९४४ मध्ये मारल्या गेलेल्या दहा बायकांचं स्मारक आज तिथे आहे.

आभा_म

लेख आणि प्रतिसाद, दोन्ही आवडले. पण या चित्रपटाशी माझं एक मोठं भांडण आहे आणि ते इथे मांडते.

१६ ऑक्टोबर १९४३ कुठे आहे?

त्या शनिवारी पहाटे जर्मनांनी रोममधल्या ज्यू वस्तीला वेढा घातला. त्याआधी सप्टेंबरअखेरीस कापलरनं, म्हणजे रोममधल्या एसएस (नाझींचं निमलष्करी दल) पोलिसांच्या प्रमुखानं, ज्यू समाजाकडे ५० किलो सोनं मागितलं होतं, ३६ तासांच्या आत. नाहीतर २०० माणसं उचलू. लोकांनी अंगठ्या, साखळ्या काढून दिल्या. ख्रिस्ती शेजाऱ्यांनीही दिल्या. सोनं पोचतं झालं आणि तीन आठवड्यांच्या आत घरं रिकामी केली गेली. हजाराहून अधिक माणसं आउश्वित्झला पाठवली, त्यातली १६ परत आली.

जिन्यांचा, शेजाऱ्यांचा, झडतीचा चित्रपट आहे म्हणता ना? मग त्या नऊ महिन्यांतली सर्वांत भयंकर झडती त्यात का नाही? लेखकांना ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. सगळ्या शहराला ठाऊक होतं.

दुसरं, इटालियन माणूस या चित्रपटात फार सहज सुटतो. फॅसिस्ट पोलीसप्रमुख आहे, पण तो बेर्गमानचा हुजऱ्या. हवालदार भला. शेवटी दोन पिएत्रोला गोळ्या घालायला इटालियन शिपाई उभे करतात आणि ते मुद्दाम नेम चुकवतात. मग जर्मन अधिकारी पुढे होऊन पिस्तूल चालवतो. तळटीप यांनी मोरोझिनींचा उल्लेख केलाच आहे. त्यांच्या वेळीही पथकातल्या बहुतेकांनी हवेत गोळ्या झाडल्या असं सांगतात. पण शेवटची गोळी घालणारा, पथकाचा प्रमुख, इटालियन होता. चित्रपटानं त्या एका माणसाचं राष्ट्रीयत्व बदललं. वीस वर्षं मुसोलिनीला सलाम ठोकणाऱ्या देशाला त्या एका बदलानं केवढा दिलासा मिळाला असेल.

चित्रकथी

@आभा_म, मुद्दा बिनतोड आहे, आणि गोळी घालणाऱ्याचं राष्ट्रीयत्व बदलण्याचं समर्थन मीही करणार नाही. पण तो बदल का झाला असेल हे बघायला हवं.

जानेवारी १९४५. देश दोन तुकड्यांत. दक्षिणेत दोस्त, उत्तरेत जर्मन आणि त्यांच्या आधारानं उभं असलेलं मुसोलिनीचं दुसरं सरकार. तिथे इटालियन इटालियनाला मारतोय. प्रतिकार समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी एकत्र बसत होते आणि युद्ध संपल्यावर हे टिकेल का, ही धास्ती सगळ्यांना होती. पटकथाकारांपैकी सेर्जो आमिदेई स्वतः कम्युनिस्ट चळवळीतला. पाद्री आणि कम्युनिस्ट यांना एका कोठडीत ठेवणं ही तेव्हाची कळकळीची राजकीय विनंती होती: निदान एवढं तरी आठवणीत ठेवा की आपण एकत्र होतो.

ज्यूंबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ती गाळलेली जागा गाळलेलीच आहे.

अवांतर: १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात हा चित्रपट दाखवला होता. तेव्हा मुंबईत इटालियन चित्रपट पाहून बाहेर पडलेल्यांत बिमल रॉय होते आणि दुसऱ्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. स्टुडिओतल्या सेटबाहेर, खऱ्या रस्त्यावर कॅमेरा नेता येतो, ही हिंमत आपल्याकडे आली त्यात या महोत्सवाचा वाटा मोठा आहे.

कृष्णाकाठ

@गवतफुला, तव्याचा प्रसंग लिहायचा ठेवला कारण त्यावर तुमच्यासारखं कोणीतरी लिहीलच याची खात्री होती. :) दोन पिएत्रोबद्दल तुमचं म्हणणं पटतंय. बेर्गमानबद्दलचं माझं मत तेच आहे.

@आभा_म, धाग्यात ही बाजू यायलाच हवी होती. मला वाटतं, तुमचा आक्षेप माझ्या जिन्याच्या मुद्द्याला आणखी धार लावतो. पिनाच्या इमारतीत एकमेकांना वाचवणारे शेजारी आहेत. पण दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीत, १६ ऑक्टोबरच्या पहाटे, शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली असतील किंवा उघडली असतील. दोन्ही प्रकार घडले: कितीतरी ज्यू कुटुंबं मठांत आणि शेजाऱ्यांकडे लपून वाचली, आणि बक्षिसासाठी पकडून देणारेही होते. चित्रपटानं पहिल्या प्रकारची इमारत निवडली. त्या निवडीची किंमत आपण सांगितली पाहिजे. पण म्हणून तो हवालदार आणि ते दोन पाव खोटे ठरत नाहीत.

आणि फितुरी चित्रपटात आहे की. मारिनाचं काय?

गवतफुला

मारिनाबद्दल बोलूच. मानफ्रेदीची प्रेयसी, कॅबरेत काम करते. अमली पदार्थ आणि फरचा कोट यांच्या बदल्यात इंग्रिडला त्याचा ठावठिकाणा सांगते. चित्रपट तिला फार कडकपणे वागवतो. पिना धावते म्हणून थोर, मारिना घसरते म्हणून नीच. पण तिचं ऐका ना जरा. ती मानफ्रेदीला सांगते की मी गरिबी पाहिली आहे आणि मला परत तिथे जायचं नाही. पिनाची बहीण लाउरेत्ताही तिच्याच बरोबर काम करते. म्हणजे एकाच घरातून एक बाई बेकरीवर चालून जाते आणि दुसरी कॅबरेत जाते. भूक तीच.

छळून मारलेला मानफ्रेदी पाहून मारिना कोसळते, तेव्हा इंग्रिड वाकून तिच्या अंगावरचा कोट काढून घेते. पुढच्या कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून! एवढ्या एका कृतीत दिसतं की मारिनाला तिथे काय किंमत होती. हे दृश्य पाहिल्यावर मला तिचा राग येत नाही.

माणगावकर

धागा वाचून राहवलं नाही. इटलीतल्या त्या लढाईशी आमच्या गावाकडचा थेट संबंध आहे.

नाईक यशवंत घाडगे, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. रोम मुक्त झाल्यावर महिन्याभरानं, १० जुलै १९४४ ला, तीबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर चालून गेले, ती जागा घेतली आणि लगेच लपलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे, लहानपणापासून बघत आलो. २०२३ मध्ये इटलीत मोंतोने या गावीही त्यांचं स्मारक झालं. पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेही मराठा लाइट इन्फंट्रीचेच.

चित्रपटातली माणसं सारखी म्हणतात की दोस्त कधी येणार, कुठवर आले. त्या येणाऱ्यांत आपली माणसं होती. स्वतःच्या देशावर ब्रिटिशांचं राज्य असताना दुसऱ्याचा देश मोकळा करायला गेलेली. शाळेत आम्हाला पुतळ्याला हार घालायला नेत, पण तिथे कोणत्या लोकांची सुटका झाली हे कोणी सांगितलं नाही. पिनाचं घर पाहिल्यावर ते कळलं.

पूर्वाश्रमीचा_पुणेकर

मी नोकरीनिमित्त रोममध्ये राहतो. विया तास्सोवरची इमारत, जिथे एसएसचं मुख्यालय आणि कोठड्या होत्या, तिथे आता संग्रहालय आहे. बाहेरून अगदी साधी राहती इमारत. आजूबाजूला आजही लोक राहतात, बाल्कन्यांत कपडे वाळत असतात. आत फ्लॅटच्या खोल्यांच्याच कोठड्या केलेल्या, खिडक्या विटांनी बुजवलेल्या. भिंतींवर नखांनी, खिळ्यांनी कोरलेला मजकूर जपून ठेवला आहे: नावं, तारखा, घरच्यांसाठी निरोप.

कृष्णाकाठ यांनी त्या तीन खोल्यांच्या रचनेबद्दल लिहिलं आहे. विया तास्सोला गेल्यावर ती रचना दिग्दर्शकाची करामत वाटत नाही. राहत्या घरातच छळघर केलं होतं. बैठकीची खोली, झोपायची खोली, मोरी, सगळं ओळखू येतं.

@आभा_म, ज्यू वस्तीत ठिकठिकाणी घरांसमोर जमिनीत पितळी फरशा बसवल्या आहेत. नाव, जन्मसाल, पकडल्याची तारीख. १६ ऑक्टोबर १९४३ ही तारीख इतक्या वेळा येते की चालताना पाय जड होतात.

आभा_म

@पूर्वाश्रमीचा_पुणेकर, धन्यवाद. हे माहीत नव्हतं.

@कृष्णाकाठ, शेवटचा एक प्रसंग राहिला. पिना गेल्यावर तिचा मुलगा मार्चेल्लो फ्रान्चेस्कोला निरोप देताना आईचा स्कार्फ देतो. तेवढ्यात फ्रान्चेस्को मागे रेंगाळतो, आणि म्हणूनच पुढे गेलेले मानफ्रेदी आणि दोन पिएत्रो पकडले जातात तेव्हा तो सापडत नाही. माझं भांडण असलं तरी हा प्रसंग लिहिणाऱ्यांना मी मानते. पिनाच्या धावण्यानं तो वाचला नव्हता, पण तिच्या मुलामुळे वाचतो.

राधा_सातारा

धागा एका बैठकीत वाचून काढला. माझी मुलगी नववीत आहे, इतिहासात दुसरं महायुद्ध चाललंय. तिला दाखवू का? छळाचे प्रसंग किती आहेत?

कृष्णाकाठ

@राधा_सातारा, नक्की दाखवा, पण सोबत बसा. मानफ्रेदीच्या छळाचा प्रसंग शेवटच्या अर्ध्या तासात आहे. बरंचसं दाराआड घडतं, पण भाजल्याच्या खुणा आणि त्याचा चेहरा दिसतो, किंकाळ्या ऐकू येतात. तिला ते झेपणार नसेल तर तेवढा भाग पुढे पळवा, गोष्ट तुटत नाही. त्याआधी तिला १६ ऑक्टोबरबद्दल सांगून ठेवा, म्हणजे चित्रपटात काय नाही हेही तिला कळेल. बेकरी, मुलांचा मार आणि जिन्यावरचं बोलणं हे सगळं पहिल्या भागात आहे, ते घाईगडबड न करता बघा. सबटायटल असलेलीच प्रत घ्या, इंग्रजीत डब केलेली नको. मान्यानीचा आवाज गेला तर पिना गेली.